अळवाशेजारच्या मुंग्या

आमच्या परसात अळवाच्या वाफ्याशेजारी जिथे आमची कुत्री ठकी रोज सकाळी लघवी करत असे, त्या जागेची मी एका आश्विनात हळदकुंकू आणि फुले वाहून पूजा केली. नुसती पूजा करून थांबलो असतो तर गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण मी तिथली चिमूट चिमूट माती कागदाच्या पुड्यांत बांधली आणि अंगारा म्हणून वाटली. आमच्या कचेरीतले शिरस्तेदार मोठे सात्त्विक गृहस्थ. त्यांनी ती कपाळाला लावली, आणि माझ्यावरच्या विश्वासाने थोडी जिभेवरही ठेवली.

दत्तमहाराजांच्या कृपेचा अनुभव लिहायला बसलो आहे आणि सुरुवात ही अशी. पण ती गाळली तर पुढचे सगळेच लटके पडेल. कृपा माझ्यापर्यंत आली ती याच वाटेने आली, आणि त्या वाटेवर वळणावळणाला धोंडे मांडून ठेवणारा मीच होतो.

मी ठाण्याच्या कचेरीत कारकून. घर टेंभीनाक्याजवळ, मुली सासरी गेलेल्या, घरात मी आणि सौभाग्यवती अशी दोनच माणसे. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाण्याचा माझा नेम. अशाच एका गुरुवारी देवळातून परतताना एक काळी, पांढऱ्या पंजांची कुत्री माझ्या मागोमाग घरापर्यंत आली. दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या मनाने घेतले की चारांतला एक वेद आज आपल्या दारी आला. मी दारातूनच सौभाग्यवतींना हाक मारून ही वार्ता सांगितली. त्या बाहेर आल्या, कुत्रीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “वेद कोणता ते मागाहून ठरवावं. आधी हातातला पेढ्यांचा द्रोण झाकावा. ती त्याच्याकडे बघत आलीय.”

मी द्रोण झाकला नाही. उलट पहिला पेढा तिलाच घातला. दत्ताचा नैवेद्य दत्ताच्या कुत्रीला, याहून सरळ हिशेब कोणता? पुढे गुरुवारचा पेढा रोजचा झाला, पेढ्याबरोबर दूधभात आला, सणाला पुरणपोळी आली. मी आळीत घरोघर सांगून आलो की हे साधे जनावर नव्हे, हिच्या मुखी गोड पडले की ते महाराजांना पोचते. लोक बिचारे भाविक. कुणाकडे नवस फिटला, बारसे झाले, पोरगा परीक्षेत उतरला की एक वाटी ठकीच्या नावाने येऊ लागली. ठकी पडवीत बसून सगळ्यांचे नवस खात असे. जेवताना डोळे मिटायची, तेव्हा मला वाटे, ही ध्यान करते.

काही महिन्यांनी ती फार पाणी पिऊ लागली. दारातली दगडी डोणी सकाळी भरावी तर दुपारी कोरडी. मी म्हटले, तपाचा दाह आहे. मग इतके खाऊनही ती वाळू लागली, बरगड्या मोजता येतील अशी झाली. मी म्हटले, वैराग्य. मग ती दिवसभर पडून राहू लागली, हाक मारली तरी नुसती शेपटी हलवी. मी म्हटले, समाधी. सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, “मला तर ती आजारी दिसते.” मी त्यांच्या अश्रद्ध स्वभावाबद्दल महाराजांची मनातल्या मनात क्षमा मागितली.

आणि मग मुंग्या आल्या. ठकी अळवाशेजारी जाऊन आली की घटकाभरात त्या ओल्या जागेवर मुंग्यांची रांगच्या रांग लागे. लाल मुंग्या, काळ्या मुंग्या, एकमेकींना वाट देत. मुंग्यांना साखर घालणे हे पुण्यकर्म आपण लहानपणापासून करत आलो. इथे तर न घालताच मुंग्या येत होत्या. हिची पावले पडतात ती भूमीच गोड झाली, असा मी अर्थ लावला, आणि आपलाही हातभार असावा म्हणून वर मूठभर साखर पेरली. मुंग्या दुप्पट झाल्या. माझी भक्ती चौपट झाली. त्यातूनच पुढे ते हळदकुंकू आणि ते अंगाऱ्याचे प्रकरण.

शिरस्तेदारांचे व्याही कल्याणचे नामांकित वैद्य. कसल्याशा खटल्यात साक्ष द्यायला ते ठाण्यास आले आणि शिरस्तेदारांकडे उतरले. शिरस्तेदार त्यांना मोठ्या कौतुकाने आमच्याकडे दर्शनाला घेऊन आले. वैद्यबुवा परसात गेले, उकिडवे बसले आणि बराच वेळ मुंग्यांकडे पाहत राहिले. मला वाटले, तल्लीन झाले.

“साखर तुम्ही घातलीत?” त्यांनी विचारले.

“थोडी.”

“आज घालू नका. मी उद्या सकाळी पुन्हा येतो.”

दुसऱ्या दिवशी जागा धुऊन काढलेली, साखरेचा कण नाही. ठकी उठली, लटपटत जाऊन आली. आम्ही तिघे पुरुष रांगेने उभे राहून वाट पाहत होतो. मुंग्या आल्या. वैद्यबुवांनी ठकीच्या डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, तोंडाचा वास घेतला, पोट दाबले आणि म्हणाले, “पंत, हा चमत्कार नाही. हा मधुमेह आहे.”

“कुत्रीला?”

“माणसांत पुष्कळ पाहिला. कुत्र्यात आजच पाहतोय. पण मुंगीला कुठे जातगोत कळतं, तिला गोड तेवढं कळतं. काय खायला घालता हिला?”

मी सांगितले. सांगता सांगता माझा आवाज उतरत गेला. शिरस्तेदार मागे उभे होते, त्यांचा चेहरा पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यांनीच हळूच विचारले, “वैद्यबुवा, या जागेची माती कुणाच्या पोटात गेली असेल तर काही…”

“काही नाही. तोंड गोड झालं असेल, इतकंच.”

त्यानंतर बरेच दिवस शिरस्तेदार माझ्याशी फक्त कामापुरते बोलत.

मी वैद्यबुवांना विचारले, ही वाचेल का. ते म्हणाले, “औषधानं बरी होईल असं मी सांगणार नाही. पथ्यानं कदाचित. गोड बंद, दूधभात बंद. जवाची भाकरी, कारलं, मेथी. जांभळाच्या बियांची पूड देतो ती द्या. आणि रोज दमेपर्यंत चालवा. सकाळी ही जागा बघत जा. मुंग्या यायच्या थांबल्या तर उतार पडला म्हणायचं. नाही थांबल्या तर पंत, फार दिवस नाहीत.”

ते गेल्यावर मी पडवीत ठकीजवळ बसलो. तिने नेहमीप्रमाणे माझ्या हाताचा वास घेतला, पेढा आहे का पाहायला. एका मुक्या जीवाला मी वेद मानले आणि भुकेले जनावर म्हणून एकदाही पाहिले नाही. ज्या हाताने मी तिला मरणाकडे नेत होतो तोच ती चाटत होती. त्या दिवशी मला पोथी उघडता आली नाही.

पथ्याचा पहिला घास तिने तोंडात घेतला, विचार केला आणि माझ्या पायावर ठेवला. कारल्याचे तर तिने नुसते दर्शन घेतले. भाकरीत पूड लपवावी तर ती भाकरी खाऊन पूड तेवढी जमिनीवर नीट वेगळी काढून ठेवी, पुढे भाकरीही खाईनाशी झाली. त्यात आळी. ज्या दारी जाऊन मी ‘हिला गोड द्या’ म्हणून सांगितले होते, त्याच दारी आता हात जोडून ‘देऊ नका’ म्हणत हिंडावे लागले. निम्म्या लोकांना वाटले, मी चिक्कू झालो. उरलेल्यांना वाटले, माझी श्रद्धा ढळली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “नैवेद्याला नाही कसं म्हणावं हो? पाप लागेल.” मी म्हटले, पाप मला लागू द्या. काकूंनी ते तत्काळ मान्य केले.

रोज पहाटे उठून मी परसात जाई. मुंग्या असत. पूर्वी त्या दिसल्या की माझे हात जुळत, आता त्या दिसल्या की मी पाठ फिरवून घरात येई. मुंग्यांचा काही दोष नव्हता, त्या पूर्वीसारख्याच शिस्तीने येत होत्या.

दत्तजयंतीच्या आधी मी नवस बोलायला देव्हाऱ्यापुढे बसलो. महाराज, ठकी बरी होऊ दे, तिच्या भारंभार पेढे वाटीन. शब्द तोंडातून निघाले आणि सौभाग्यवती मागून म्हणाल्या, “आणि ते खाणार कोण? तीच?” मी दुसरा नवस शोधू लागलो. लाडू, बासुंदी, शिरा, पंचखाद्य. जन्मभर देवाला द्यायला माझ्यापाशी गोडाशिवाय काही नव्हते, आणि देवाच्या पायाशी बसणारे जनावर गोडानेच मरायला टेकले होते. शेवटी एवढेच म्हणालो की महाराज, काय द्यायचे ते मला कळत नाही, तुम्हीच मागून घ्या. हे बोलताना आपण काय बोललो याची मला कल्पना नव्हती. असती तर थोडी अट घातली असती.

पौषात ठकीने खाणे टाकलेच होते. तरी वैद्यबुवांनी सांगितले म्हणून मी तिला कचेरीच्या सुटीच्या दिवशी खाडीकडे चालवत नेले. मिठागरांच्या बांधावर अर्ध्या वाटेत ती बसली. मग आडवी झाली. मी हाक मारली, शेपटीसुद्धा हलली नाही. मी उचलायला वाकलो तो माझा पाय घसरून बांधाखालच्या गाळात गुडघ्याएवढा गेला. धोतर, उपरणे, भक्ती, सगळे चिखलात. मी तिथे तसाच उभा राहिलो आणि मोठ्याने रडलो. आता लिहायला हरकत नाही, त्या वेळी पाहायला कुणी नाही अशी माझी समजूत होती.

“भट, तू रडतंस कं कुत्री रडते?”

बांधाच्या पलीकडे एक म्हातारी आगरीण भाकर सोडून जेवायला बसली होती. गुडघ्याला मीठ वाळलेले, डोक्यावर पदर, मांडीवर फडके. मी कसाबसा वर आलो आणि सांगितले की कुत्री आजारी आहे, काही खात नाही.

“यीला काय खावाला देतंस?”

“जवाची भाकरी, कारलं, मेथी.”

“न आजारी पराचे आधी?”

“दूधभात. पेढे.”

म्हातारीने घास हातात तसाच धरून ठेवला. “कुत्री ना ती? यीचे गल्यान जानवा घातलंस काय?”

तिने फडक्यातली सुकी मासळी मोडली, नाचणीच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि ते दोन्ही ठकीच्या तोंडापुढे टाकले. वारा खाडीकडून येत होता. वास माझ्यापर्यंत आला आणि मी सवयीने दोन पावले मागे सरलो. ठकीचे नाक हलले. मग मान उचलली गेली. तिने मासळी खाल्ली, भाकरी खाल्ली, आणि ती म्हातारीच्या मांडीशी सरपटत गेली. म्हातारी आपल्या जेवणातले एक आपल्याला, एक तिला, असे देत होती. मधे एकदा मान न वळवता म्हणाली, “कुत्री जवल आली. भट लांब उभा.”

तेव्हा मी जवळ गेलो आणि बसलो. कमळीबाय तिचे नाव. ती म्हणे ‘कमलीबाय’. अशा गोष्टींत मदत करणारा अनोळखी माणूस काम झाल्यावर अंतर्धान पावतो, मागे वळून पाहावे तर बांधावर कुणी नाही. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहायला गेलो. कमळीबाय तिथेच होती आणि काल पान का नाही आणलेस म्हणून विचारत होती.

कल्याणला जाऊन मी वैद्यबुवांना सगळे सांगितले. मला वाटले, रागावतील. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि जरा अवघडून म्हणाले, “बरोबर आहे. या विकारात हलका मांसरस शास्त्राला मान्य आहे. माणसालासुद्धा.”

“मग आपण बोलला का नाहीत?”

“पंत, तुमच्या परसात, तुमच्या सोवळ्यात उभं राहून तुम्हाला मासळी कशी सांगू? मला वाटलं, तुम्ही दुखावाल.”

परतताना मी विचार करत होतो. वैद्याने माझ्या सोवळ्याचा मान राखला, आळीने माझ्या शब्दाचा मान राखला, मी पोथीचा मान राखला, आणि या सगळ्या मानमरातबात ठकी उपाशी राहिली. महाराजांना मी म्हटले होते, मागून घ्या. त्यांनी मागितले होते. पेढे नव्हते मागितले. पेढे द्यायला मला कधीच जड गेले नव्हते.

मग माझा नवा नेम सुरू झाला. कचेरी सुटली की ठकीला घेऊन बांधावर जायचे, कमळीबायला पानतंबाखू द्यायची, ती मासळी देई ती ठकीला भाकरीत कालवून स्वतःच्या हाताने भरवायची. जांभळाची पूड आता त्यातच बेमालूम जाई. ज्या बोटांनी संध्या करायची त्याच बोटांनी. पहिल्या दिवशी मी खाडीवर हाताचे कातडे इतके घासले की कमळीबाय म्हणाली, “कातरी काढतंस का काय?” हळूहळू घासणे कमी झाले. ज्या दिवशी ती कामावर येणार नसे त्या दिवसासाठी मला पुडी बांधून देई, ती मी उपरण्यात लपवून आणी आणि परसातल्या गोठ्याच्या वळचणीला ठेवी. सौभाग्यवतींना यातले काही कळू दिले नव्हते. कळले असते तर त्यांनी घरात कसा अनर्थ केला असता, याची चित्रे मी मनात रंगवून ठेवली होती.

एका संध्याकाळी मी घरी आलो तो मागून आळीतली तीन मांजरे आली. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. त्यांनी मांजरे पाहिली, उपरणे पाहिले आणि म्हणाल्या, “पूर्वी इकडच्यामागे वेद यायचे.” पुढे काही नाही. मी रात्रभर अनर्थाची वाट पाहिली. सकाळी गोठ्याच्या वळचणीला एक झाकणाचे मडके दिसले, वर दगड ठेवलेला, मांजरांनी पाडू नये म्हणून. त्याविषयी त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत, आणि मीही त्यांच्याशी बोललो नाही.

ठकी खात होती, पण मुंग्या येतच होत्या. माघात मला वाटले, रांग पातळ झाली. मग वाटले, थंडीमुळे असेल. कधी आशेने मोजू लागलो की चार मुंग्या जास्तच निघत. मग मी मोजणे सोडले. महाराजांना काही सांगणेही सोडले. नुसता जात असे, पाहत असे, परत येत असे. तिची डोणी आता संध्याकाळपर्यंत पुरते, बरगड्या झाकल्या जातात, बांधावर ती माझ्या पुढे पळते, हे दिसत होते. पण वैद्यबुवांनी खूण सांगितली होती ती मुंग्यांची, आणि माझा धीर त्या खुणेला बांधलेला होता.

फाल्गुनातल्या एका सकाळी मी परसात गेलो. अळवाशेजारी एकही मुंगी नव्हती. दुसऱ्या दिवशी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. मी खाली बसून जवळून पाहिले, अळवाची पाने उचलून पाहिले. नुसती माती, आपली साधी माती. मुंग्या आल्या तेव्हा मी जो चमत्कार मानला तो आजार होता, आणि आता इथे काहीच नव्हते, दाखवायला नाही, पुडीत बांधायला नाही, ही कृपा होती. माझ्या मागण्यावर ती थांबली नव्हती, माझ्या चुकांनी अडली नव्हती. मी नवस बोलायचा थांबलो तेव्हा वाट थोडी मोकळी झाली असेल, एवढेच माझे कर्तृत्व. मी डोळे मिटले, हात जोडले आणि त्या जागेवर कपाळ टेकले.

डोके वर करून पाहतो तो सौभाग्यवती आडावर घागर घेऊन उभ्या. शेजारी ठकी, शेपटी हलवत.

“मुंग्या गेल्या,” मी म्हणालो.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “ठकी हल्ली त्या शेवग्याखाली जाते. तिथेही मुंग्या नाहीत, मी रोज बघते. इकडचं डोकं तेवढं अजून जुन्याच जागी आहे.”